बाप यायच्या आत जेवून घे

फौजेत भरभर जेवणाऱ्याचं कौतुक होतं. नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरला, म्हणजे तोफखान्याच्या प्रशिक्षण केंद्रात, रंगरूट असताना आमच्या स्क्वॉडमधला पहिला जेवून उठणारा मीच. लंगरसमोर, म्हणजे फौजी स्वयंपाकघरासमोर, लाइन लागायची, चपात्या, डाळ, भाजी ताटात पडायची आणि पुढच्या फॉलिनची, म्हणजे रांगेत हजर व्हायची, शिट्टी कधी वाजेल याचा नेम नसायचा. बाकीच्या पोरांना हा वेग शिकावा लागला. मी तो घरून घेऊन आलो होतो. शिकवणारे उस्ताद माझ्याकडे बोट दाखवून इतरांना सांगायचे, "इसको देखो, सीखो कुछ."

घर सिन्नर तालुक्यातलं. पावसाचा भरवसा नसलेला भाग. आई विड्या वळायची, बाप मिळेल ते काम करायचा आणि संध्याकाळी पिऊन यायचा. तो आला की ताटं उडायची. त्याला निमित्त लागायचं नाही; भाजीत मीठ जास्त झालं, दिवा लवकर लावला, काहीही. म्हणून आई दिवस मावळला की मला आणि ताईला चुलीपाशी बसवायची आणि म्हणायची, "बाप यायच्या आत जेवून घे." कधी जेवण अर्ध्यावर असताना बाहेर त्याचा खोकला ऐकू यायचा, मग उरलेली भाकरी चड्डीच्या खिशात. काही दिवस भाकरीच नसायची, ते वेगळंच. भाकरी असली की आधी पोटात ढकलायची आणि एखादा तुकडा कुठेतरी दडवायचा, हे मी शाळेत जायच्या आधी शिकलो.

हे सगळं एकमेकांना जोडून मला कधी दिसलं नव्हतं. ते दिसलं निवृत्तीनंतर, चाळिशीत, नाशिकच्या गंगापूर रोडवर एका मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात. तिथे मी पोहोचलो साखरेमुळे. त्याची हकीकत सांगतो.

हवालदार म्हणून पेन्शन घेऊन घरी आलो, देवळाली कॅम्पला राहायला लागलो आणि अंबड एमआयडीसीत सिक्युरिटी सुपरवायझर झालो. दिवसभर मी फारसं खात नसे. चहा, फार तर दोन बिस्किटं. लोकांना वाटायचं माणूस काटक आहे. रात्री घरी आलो, बायकोपोरं झोपली, की स्वयंपाकघरात जायचो. दिवा लावायचा नाही. फ्रिज उघडला की त्याचा उजेड पुरायचा. उरलेला भात, त्यावर दूध, त्यावर साखर. मग सकाळसाठी मळून ठेवलेल्या कणकेच्या चार पोळ्या स्वतःच लाटून, तव्यावर अर्ध्याकच्च्या भाजून, तूप-गुळाबरोबर. मग फरसाणाचं पाकीट, खारी, पोरीच्या डब्यासाठी आणलेला केक. सगळं उभ्यानं. चव लागायची पहिल्या दोन घासांना. पुढे फक्त हात आणि तोंड चालू. पोट दुखायला लागलं तरी थांबता यायचं नाही. मग रिकामी पाकिटं बारीक घड्या घालून माळ्यावरच्या जुन्या फौजी बुटांत कोंबायची. सकाळी बायकोनं विचारलं, "अहो, भात कुठं गेला?" तर मांजराचं नाव. आमच्याकडे मांजर नव्हतं.

पायाची जखम भरेना म्हणून माजी सैनिकांच्या दवाखान्यात गेलो, रक्त तपासलं, साखर वाढलेली निघाली. तिथल्या डॉक्टरांनी रात्रीचं जेवण विचारलं. मी म्हणालो दोन पोळ्या. बायको शेजारी होती. तिनं पिशवीतून बुटांतली पाकिटं काढून टेबलावर ठेवली. ती तिला दिवाळीच्या साफसफाईत सापडली होती आणि तिनं मला एक शब्द न बोलता सांभाळून ठेवली होती. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, साखरेच्या गोळ्या मी देतो, पण आधी मनाच्या डॉक्टरांना भेटा.

माजी फौजीला हे वाक्य कसं लागतं ते फौजीलाच कळेल. नोकरीत असताना आमची तब्येत 'शेप' (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांत मोजली जाते. एस म्हणजे मन, एच कान, ए हातपाय, पी शरीराची क्षमता, ई डोळे. सगळीकडे '१' हा आकडा असला की शेप-वन, माणूस तंदुरुस्त. गुडघ्यासाठी लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीचा खालचा दर्जा, लागली तर पोरं चेष्टा करतात आणि विसरतात. एसमध्ये खाली आला तर चेष्टासुद्धा करत नाहीत, आवाज बारीक करून बोलतात. पेन्शन हातात आली तरी तो एस डोक्यातून गेलेला नव्हता. बायको म्हणाली, "आता कोण तुमची कॅटेगरी काढतंय?" तिच्या बोलण्याला उत्तर नव्हतं, म्हणून गेलो.

मानसोपचारतज्ज्ञांनी साधे प्रश्न विचारले. थोड्या वेळात, म्हणजे दोनेक तासांत, इतर कुणी खाणार नाही इतकं खाता का? तेव्हा आपल्या हातात काही राहिलं नाही असं वाटतं का? नेहमीपेक्षा भरभर? भूक नसताना? पोट दुखेपर्यंत? लाजेनं एकट्यानं? नंतर स्वतःची किळस येते? आठवड्यातून निदान एकदा, असं तीन महिने चाललंय का? मी प्रत्येकाला हो म्हणत गेलो आणि मनात विचार, या माणसाला माझं स्वयंपाकघर कसं दिसतं. त्यांनी सांगितलं, याला बिंज इटिंग डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली ती २०१३ साली. मला वाटायचं खाण्याचे आजार म्हणजे सिनेमातल्या बारीक पोरींचे. तोफेचा गोळा उचलणाऱ्या माणसाला कसला खाण्याचा आजार? त्याला अधाशी म्हणतात आमच्याकडे.

मग त्यांनी नोकरीतलं वजन विचारलं आणि मी वार्षिक मेडिकलची गोष्ट सांगितली.

दरवर्षी मेडिकलची तारीख लागली की बॅटरीत, म्हणजे तोफखान्याच्या आमच्या तुकडीत, आमच्यासारख्यांची वेगळी धावपळ सुरू व्हायची. वजन जास्त भरलं तर कमी करायची मुदत मिळायची, तीत झालं नाही तर कॅटेगरी, कॅटेगरी लागली तर प्रमोशनवर पाणी. प्रत्येकाकडे आपला नुस्खा. कुणी मीठ बंद करायचा, कुणी अंगाला पॉलिथिन गुंडाळून वर ट्रॅकसूट घालून मे महिन्यात पळायचा. मी शेवटचे काही दिवस पाण्यावर काढायचो आणि आदल्या रात्री जुलाबाच्या गोळ्या. एका वर्षी वजनकाट्यावर चढताना डोळ्यांसमोर अंधारी आली, पायात असे पेटके आले की उभं राहता येईना. काटा मात्र बरोबर आकड्यावर थांबला. "शाबास," मेडिकलवाला म्हणाला. त्याच दुपारी कॅन्टीनमधून दोन किलो मिठाई घेतली आणि बॅरेकच्या मागे बसून संपवली.

डॉक्टरांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. जुलाबानं चरबी जात नाही, म्हणाले, पाणी आणि क्षार जातात. पोटॅशियम फार खाली गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि धडधाकट जवानसुद्धा त्यात जाऊ शकतो. तेव्हाचं ते उपाशी राहणं आणि जुलाब वारंवार होत असते तर निदान वेगळं, बुलिमिया या खाण्याच्या दुसऱ्या आजाराचं झालं असतं. आता जुलाब नाहीत, नुसतं खाणं आहे. मला दोन्ही सारखंच वाटलं, पण त्यांच्या वहीत फरक होता आणि उपचारातही थोडा असतो म्हणे.

थायरॉइड, साखर, पोटॅशियम, ईसीजी असं सगळं झालं. एक गोळी सुरू झाली. खरं काम मात्र शेजारच्या खोलीत होतं, तिथे मानसशास्त्रज्ञ मॅडम बसायच्या.

मी तयारीनं गेलो होतो. वाटलं आता डाएट चार्ट मिळेल, गोड बंद, भात बंद, पळा रोज पाच किलोमीटर. बीपीईटीला, म्हणजे फौजेच्या शारीरिक चाचणीला, पळायचो तसा पळालो असतो. मॅडमनी चार्ट दिलाच नाही. त्यांनी एक वही दिली आणि सांगितलं, खाल्लं की लगेच लिहायचं: किती वाजले, कुठे बसला होतात, काय खाल्लं, ताबा सुटला असं वाटलं तर समोर फुली, आणि त्या वेळी डोक्यात काय चाललं होतं. कॅलरी मोजायच्या नाहीत. काट्यावर आठवड्यातून एकदाच चढायचं, ठरलेल्या वारी. लिहिण्याचं मला कधी जड गेलं नाही. तोफेची नोंदवही वर्षानुवर्षं ठेवलीय, किती गोळे गेले, कुठला भाग बदलला. पण 'डोक्यात काय चाललं होतं' हा रकाना मी पहिले काही दिवस 'निरंक' असा भरला. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "निरंक माणूस रात्री दोन वाजता पोळ्या लाटत नाही."

दुसरी आज्ञा त्याहून अवघड: दिवसातून तीन जेवणं आणि मधे दोन वेळा काहीतरी, चार तासांच्या वर पोट रिकामं ठेवायचं नाही. भूक असो नसो, आदल्या रात्री काहीही झालेलं असो. मी म्हणालो, मॅडम, मी आधीच एवढं खातो, अजून सकाळचं खाऊ? त्यांनी मला एक जुना प्रयोग सांगितला. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटाला ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन जवळपास पाव भागानं घटलं. पण बघण्यासारखं झालं ते डोक्यात. ज्यांना कधी स्वयंपाकात रस नव्हता ते पाककृतींची पुस्तकं वाचायला लागले, ताटं चाटायला लागले, जेवणाचीच स्वप्नं. पुढे पोटभर अन्न मिळाल्यावरही काहींना किती खाल्लं तरी पुरेना, आजारी पडेपर्यंत खात राहिले. त्यांना लहानपणी कुणी मारलेलं असायची गरज नव्हती. उपाशी शरीर असंच वागतं. गंमत म्हणजे ते सगळे युद्धावर जायला तत्त्वानं नकार दिलेले तरुण होते, म्हणून प्रयोगाला आलेले. आणि मी इथे तोफखान्याचा हवालदार, त्यांच्याच रांगेत.

सकाळचं खाणं सुरू केलं. पोहे, भाकरी-पिठलं, अकराला मूठभर शेंगदाणे, दुपारी डबा, पाचला केळं. कंपनीच्या गेटवर उभा राहून केळं सोलताना मला चोरी केल्यासारखं वाटायचं. पहिल्या महिन्यात वजन थोडं वाढलं आणि मी वही फेकायच्या बेतात होतो. मग लक्षात आलं की फुल्या विरळ व्हायला लागल्यात. रात्री फ्रिजपाशी जायचो, दार उघडायचो, आणि काही वेळा नुसतंच बंद करून परत यायचो. पोटात अन्न असलं की त्या ओढीचा जोर कमी असतो, एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

अडलं ते पुढे. मॅडम म्हणाल्या, रात्रीचं जेवण घरच्यांबरोबर, खाली बसून, वीस मिनिटं. आमच्या घरी सगळे बसायचे, मी वाढून घेऊन कट्ट्यापाशी उभा. बसलो. चार मिनिटांत ताट साफ. घास तोंडात असतानाच हात पुढचा घास तोडायचा. मॅडमनी विचारलं, त्या वेळी लक्ष कुठे असतं? मी म्हणालो ताटावर. त्या म्हणाल्या, नीट बघा आणि लिहून आणा. त्या रात्री बघितलं. लक्ष ताटावर नव्हतंच, कान दाराकडे होते. जिन्यात कुणाची चप्पल वाजली की जबडा जोरात चालायचा. वरच्या मजल्यावरच्या काकांना रात्री खोकला येतो. तो ऐकू आला आणि माझा हात आपोआप खिशाकडे गेला, हातात पोळीचा तुकडा. पोरगी बघत होती. म्हणाली, "पप्पा, पोळी खिशात का ठेवताय?"

बाप जाऊन कित्येक वर्षं झालीत.

वहीतला तो रकाना त्या रात्री पहिल्यांदा भरला. पुढच्या भेटीत मॅडमनी लहानपणाबद्दलची प्रश्नावली काढली. वयाच्या अठरा वर्षांच्या आत घरात मारहाण होती का, शिवीगाळ, पोटभर अन्न नसणं, घरात कुणी दारुडा, आईला मार बसताना पाहिलंय का, कुणी तुरुंगात, कुणी मनानं आजारी, आणि तुमच्याशी कुणी नको तसं वागलं का. मी फौजी पद्धतीनं हो-नाही देत गेलो, शेवटच्याला नाही म्हणालो, आणि आईच्या प्रश्नाला थांबलो. त्यांनी घाई केली नाही.

हे प्रश्न आले कुठून ते मी विचारलं, कारण अशा गोष्टींचा साखरेशी काय संबंध हेच मला समजेना. त्यांनी सांगितलं ते मला आवडलं. १९८० च्या दशकात अमेरिकेत सॅन दिएगोला व्हिन्सेंट फेलिटी नावाचे डॉक्टर लठ्ठपणाचा दवाखाना चालवत होते. त्यांच्या लक्षात आलं की ज्यांचं वजन छान उतरतंय तीच माणसं मधेच उपचार सोडून जातायत. त्यांना बोलावून विचारलं तेव्हा कित्येकांच्या लहानपणी अत्याचार निघाले. खाणं हा त्यांचा आजार नव्हता, त्यांनी शोधलेला इलाज होता. पुढे रॉबर्ट अँडा यांच्याबरोबर त्यांनी १७ हजारांवर लोकांचा अभ्यास केला, १९९८ साली त्याचे पहिले निष्कर्ष छापून आले. निम्म्याहून जास्त लोकांनी लहानपणीचा निदान एक तरी असा अनुभव सांगितला होता, आणि जितके असे अनुभव जास्त तितकी मोठेपणी दारू, नैराश्य, लठ्ठपणा, हृदयविकार यांची शक्यता जास्त. मॅडमनी लगेच बजावलं की हा आकडा म्हणजे कुंडली नव्हे. असं लहानपण असूनही नीट जगणारी भरपूर माणसं असतात, आणि चांगल्या घरातल्यांनाही हा आजार होतो.

माझा पुढचा प्रश्न फौजेबद्दल होता. फौजेनं मला असं केलं का? कारण बायकोचं तेच म्हणणं होतं. यावरही अमेरिकेतलाच एक अभ्यास त्यांना माहीत होता. तिकडे १९७३ ला सक्तीची भरती संपली. त्यानंतरच्या काळात स्वतःहून फौजेत गेलेल्या पुरुषांत वाईट लहानपणाचं प्रमाण फौजेत न गेलेल्यांपेक्षा जास्त दिसलं; सक्तीच्या काळातल्या सैनिकांत तसा फरक नव्हता. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे काही पोरं फौजेत जातात ती घरातून सुटायला. मला आमचं स्क्वॉड आठवलं. भरतीच्या आदल्या रात्री मैदानाबाहेर फुटपाथवर झोपलेली पोरं, कुणाचा बाप गेलेला, कुणाची शेती गेलेली, कुणी सावत्र आईला कंटाळलेला. आपल्याकडे भरती कायम स्वेच्छेचीच राहिली आहे, पण ती इच्छा कुठून येते हे कुणी विचारत नाही. पगार, मान, देश, सगळं खरं. शिवाय तिथे रोज तीन वेळा जेवण मिळतं आणि बाप तिथे येऊ शकत नाही.

तेव्हा मी बायकोला सांगितलं की फौजेवर ठपका ठेवू नकोस. लंगरनं मला आयुष्यात पहिल्यांदा पोटभर घातलं. एवढंच झालं की माझी जी सवय कुणाच्याही डोळ्यांत खुपायला हवी होती ती तिथे शिस्तीत बसून गेली. भरभर खातो, शाबास. उपाशी राहून वजन उतरवतो, शाबास. काट्यावर आकडा दिसतो, तो कसा आणला ते दिसत नाही. मेडिकलच्या फॉर्मवर वजनाखाली एक ओळ वाढवून 'गेल्या पंधरा दिवसांत काय खाल्लंत' एवढं विचारलं आणि खरं सांगणाऱ्याची कॅटेगरी न काढता त्याला उपचाराला पाठवलं, तर बरीच पोरं वाचतील असं माझं मत आहे. माझं मत विचारतंय कोण म्हणा.

जेवायला बसायचा सराव बायकोनं करून घेतला. दाराला आतून कडी लावायची आणि पोरीनं येऊन सांगायचं, "कडी लावली." हा तिचाच शोध, मॅडमचा नव्हे. मग एक घास झाला की हात मांडीवर. पोरगी घड्याळ घेऊन बसायची आणि चार मिनिटांची सात झाली तेव्हा तिनं आजीला फोन करून सांगितलं. आई आता ताईकडे सिन्नरलाच असते. फोनवर बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "भाजी कशाची केलीय?"

मधे एकदा सगळं ढासळलं. रेजिमेंटच्या जुन्या सोबत्यांचं संमेलन होतं, बडा खाना होता, आणि मी ठरवून दिवसभर उपाशी गेलो, तिथे खायचंच आहे म्हणून. रात्री घरी येऊन पुन्हा फ्रिज. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं सकाळचं खाणं चुकवणार होतो, तेव्हा वहीतलं मॅडमच्या अक्षरातलं वाक्य दिसलं: 'काल काहीही झालं तरी आज नाश्ता.' खाल्ला. जायला नको होता घशाखाली, पण गेला.

आता वजन म्हणाल तर फारसं हललेलं नाही. हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं, या उपचारानं खाण्याचे झटके आटोक्यात येतात, वजन त्याच मापात उतरतंच असं नाही. साखर सुधारली आहे. फुल्या अजून पडतात, लग्नसराईत जास्त. रविवारी आम्ही तिघं मिसळ खायला जातो; नाशिकला मिसळीशिवाय रविवार होत नाही. पाव जास्तीचा मागवताना मी अजून वेटरकडे बघत नाही, पण बसून खातो आणि पापड शेवटी खातो.

मागच्या आठवड्यात एका जुन्या सोबत्याचा फोन आला. अजून नोकरीत आहे, पोस्टिंग लांब. मेडिकलची तारीख लागलीय, ती तुझी जुलाबाची गोळी कुठली होती रे, असं विचारत होता. मी त्याला पायातले पेटके सांगितले, पोटॅशियम सांगितलं, आणि विचारलं रात्री काय चालतं. तो गप्प झाला. मग टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला. तिथे मराठीत बोलता येतं, आणि पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्याचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालाय, हेही सांगितलं. "नाव विचारतात का?" तो म्हणाला. मी म्हणालो, लावून बघ, नाहीतर सुट्टीवर ये, मी घेऊन जातो गंगापूर रोडला. त्याची सुट्टी दिवाळीत आहे. गोळीचं नाव त्याला मी सांगितलं नाही, त्यावरून थोडा चिडलाय.